बोअरच्या तोंडाशी उभा असलेला माणूस

२४ जुलै २०२५ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. रसायनांनी नासलेली जमीन शोधायची कोणी, तपासायची कोणी आणि ती स्वच्छ करण्याचा खर्च कोणाच्या माथी, याला देशात पहिल्यांदाच कायद्याची चौकट मिळाली. स्थानिक संस्थेने किंवा जिल्हा प्रशासनाने संशयित जागा कळवायच्या, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने नव्वद दिवसांत प्राथमिक तपासणी करायची आणि त्यानंतर आणखी तीन महिन्यांत सविस्तर पाहणी. देशभरात अशा १०३ जागा नोंदल्या गेल्याचे आणि त्यांपैकी जेमतेम सात ठिकाणी शुद्धीकरणाला हात लागल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झाले. म्हणजे येत्या काही वर्षांत जमिनीत बरीच भोके पाडली जाणार आहेत. त्या प्रत्येक भोकाशी दोन-चार माणसे उभी असतील. त्यांच्या नाकातोंडात आणि कातडीवर काय जाईल, हा प्रश्न या साऱ्या चर्चेत फारच मागे राहिला आहे. मुंबईपुरता तो पाहायचा, तर ट्रॉम्बेसारखी दुसरी जागा नाही.

ट्रॉम्बे हे मुळात बेट; कोळीवाडे, मिठागरे आणि तिवरांचे. स्वातंत्र्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत त्याचे रूप पालटले. १९५४ मध्ये स्टॅनव्हॅकची रिफायनरी आली, १९५५ मध्ये बर्मा शेलची. आज त्या हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियमच्या आहेत. १९५६ मध्ये टाटांचे औष्णिक वीजकेंद्र सुरू झाले आणि त्याच वर्षी ४ ऑगस्टला टेकडीपलीकडे ‘अप्सरा’ अणुभट्टी. साठच्या दशकात युनियन कार्बाइडचा रसायन-प्लास्टिकचा कारखाना आणि पाठोपाठ खत कारखाना, जो पुढे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स (आरसीएफ) झाला. एवढ्याशा पट्टीत मुंबईचे पेट्रोल, वीज, खत आणि देशाचे अणुसंशोधन एकवटले. टाक्या, नळवाहिन्या, जेट्टी, टँकरचे तळ त्यांच्या मागोमाग आले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले, तेव्हा ट्रॉम्बेलगतच्या चेंबूरला ६९.१९ मिळाले आणि त्याची गणना गंभीर प्रदूषित भागांत झाली. ऑगस्ट २०२० मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने इथल्याच माहुल-आंबापाड्याच्या हवेतील बाष्पशील सेंद्रिय वायूंसाठी चार कंपन्यांवर मिळून सुमारे २८६ कोटी रुपयांची भरपाई आकारली.

हवेची ही लढाई माहुलकरांनी नेटाने लढवली. मातीची चर्चा मात्र अजून फारशी झालेली नाही. सत्तर वर्षे जिथे तेल आणि रसायने हाताळली गेली, शिसेयुक्त पेट्रोल २००० सालापर्यंत भरले गेले, भराव टाकून खाडी बुजवली गेली, तिथली जमीन निष्पाप धरून कामाला सुरुवात करणे शहाणपणाचे नाही. भराव कुठून आला हे बहुतेक वेळा कोणालाच ठाऊक नसते. भूजल उथळ आहे आणि भरती-ओहोटीबरोबर वरखाली होते. पाण्यावर तरंगणारे तेल त्याच्यासोबत हलते. एका बोअरमध्ये काही मिळाले नाही म्हणून दहा मीटरवरचा दुसरा स्वच्छ असेल, असे इथे म्हणता येत नाही.

आणि या जमिनीत खोदकाम थांबलेले नाही. पूर्व मुक्त मार्ग २०१३ मध्ये इथून गेला, मोनोरेल २०१४ मध्ये. तिच्या स्थानकांची नावेच ‘भारत पेट्रोलियम’ आणि ‘फर्टिलायझर टाउनशिप’ अशी आहेत. मेट्रोची २ब मार्गिका मंडाळ्यापर्यंत येते. यातल्या कोणत्याही बांधकामाआधी मातीची तपासणी होतेच. पण ती पायाच्या मजबुतीसाठी, भूतांत्रिक. रसायनांसाठी नव्हे. माझ्या मते सगळ्यात मोठा धोका नेमका इथे आहे. ज्या जागेला सरकारने ‘दूषित’ म्हटले, तिथे निदान कोणीतरी मास्कचा विचार करतो. जिला कोणी काहीच म्हटलेले नाही, तिथे माणूस सुती हातमोजे घालून उभा राहतो.

हे काम पाहिलेले नसेल तर ते कसे चालते ते सांगायला हवे. लोखंडी तिपाई, तिला विंच, विंचवरून सोडलेली दोरी. केसिंग पाइप ठोकत खाली जायचे, ठरावीक खोलीवर थांबून प्रमाण भेदन चाचणी करायची. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून सोडायचा आणि नमुना-नळी दर १५ सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजायचे. मग नळी वर काढून जमिनीवर ठेवायची, तिचे दोन भाग उघडायचे आणि आतली माती हाताने पिशवीत भरायची. इंजिनिअर वाकून पाहतो आणि बोअरलॉगमध्ये लिहितो: काळपट राखाडी चिकणमाती, शिंपल्यांचे तुकडे, तेलाचा वास. असे ‘तेलाचा वास’ जिथे लिहिलेले असते, तिथे तो कोणाच्या तरी नाकाने घेतलेला असतो. दूषित मातीच्या तपासात नाक हे उपकरण होऊ नये, हा जगभरचा पहिला धडा आहे आणि आपल्या नोंदवहीत नाकाचाच निकाल अभिमानाने उतरवला जातो.

नाकावर भरवसा का ठेवायचा नाही, हे बेन्झिनवरून कळते. पेट्रोलियमच्या जमिनीतला हा सर्वात खुनशी पदार्थ. तो रक्ताचा कर्करोग घडवतो, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने केव्हाच निःसंदिग्ध ठरवले आहे. अमेरिकेत कामाच्या ठिकाणी आठ तासांची कायदेशीर सरासरी मर्यादा दशलक्षात एक भाग, म्हणजे एक पीपीएम. तिथल्याच संशोधन संस्थेची शिफारस त्याच्या दहाव्या हिश्शाची. बेन्झिनचा गोडसर वास सर्वसाधारणपणे जाणवतो तो ही मर्यादा ओलांडल्यावर. म्हणजे वास आला तेव्हा उशीर झालेला असतो, आणि वास नाही म्हणून निर्धास्त राहावे अशीही सोय नाही. हायड्रोजन सल्फाइड तर याहून कपटी. खाडीच्या काळ्या गाळात तो निसर्गतःच असतो. कुजक्या अंड्यांचा वास अगदी थोड्या प्रमाणातही येतो, पण शंभर पीपीएमच्या आसपास तो घ्राणशक्तीच बधिर करतो. वास गेला म्हणून गॅस गेला असे समजून खड्ड्यात उतरलेला माणूस परत येत नाही.

इथे कोणी म्हणेल, रिफायनरीच्या आवारात परमिटशिवाय एक पहारही मारू देत नाहीत. खरे आहे. तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाचे मानक १०५ हे कार्य-परवान्याचेच आहे आणि गेटपास, परमिट, गॅस टेस्ट ही साखळी तिथे कडक असते. पण ती गॅस टेस्ट काय मोजते ते पाहिले पाहिजे. ती स्फोटाचा धोका मोजते. हवेत ज्वलनशील वायू किती जमला की ठिणगीने भडका उडेल, त्या किमान प्रमाणाच्या टक्केवारीत यंत्र आकडा दाखवते. बेन्झिनसाठी हे किमान प्रमाण हवेच्या सुमारे १.२ टक्के, म्हणजे १२,००० पीपीएम. यंत्रावर दिसू शकणारा सर्वात लहान आकडा १ टक्का धरला, तर तोच १२० पीपीएम होतो. ‘शून्य’ दाखवणाऱ्या यंत्रासमोर उभा राहिलेला माणूस शंभर पीपीएम बेन्झिन छातीत भरत असू शकतो, आठ तासांच्या मर्यादेच्या शंभरपट, आणि परमिटवर सही झालेली असते. ती सही खोटी नसते. ती आगीपुरती खरी असते. प्लँट वाचतो, माणसाच्या अस्थिमज्जेचा हिशेब त्या कागदावर नसतोच.

यासाठी वेगळे यंत्र लागते, प्रकाश-आयनीकरणाचे, ज्याला साइटवर पीआयडी म्हणतात. त्यातला १०.६ इलेक्ट्रॉनव्होल्टचा दिवा बेन्झिन, टोल्युइन, झायलिन यांच्या रेणूंचे आयनीकरण करतो आणि पीपीएममध्ये आकडा देतो. मिथेन मात्र त्याला दिसत नाही, हायड्रोजन सायनाइड दिसत नाही, शिसे-पारा असलेली धूळ तर नाहीच. म्हणून एक यंत्र पुरत नाही. स्फोटासाठी एक, बाष्पासाठी एक, ऑक्सिजन आणि हायड्रोजन सल्फाइडसाठी आणखी एक. मापन कुठे करायचे यालाही महत्त्व आहे: आधी केसिंगच्या तोंडाशी, मग हेल्परच्या नाकाच्या उंचीवर. पहिला आकडा जमिनीत काय आहे ते सांगतो, दुसरा माणूस काय पितो आहे ते. वारा पाठीशी घेऊन उभे राहायचे हा नियम सोपा वाटतो. पण मुंबईच्या किनाऱ्यावर हिवाळ्यातल्या सकाळी वारा जमिनीकडून येतो आणि दुपारी समुद्राकडून. सकाळी शहाणपणाने मांडलेली तिपाई जेवणानंतर उलट्या बाजूला पडते. काठीला बांधलेली एक रंगीत फीत हे सांगायला पुरते.

मास्कच्या बाबतीतला गोंधळ कोविडनंतर वाढला. भारतीय मानक ९४७३ चा गाळणी-मास्क धूळ अडवतो, बाष्प नाही. बेन्झिनसाठी सक्रिय कोळशाचे कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. त्याचे मानक वेगळे, ८५२२. कार्ट्रिज भरत जाते आणि दमट हवेत लवकर थकते, म्हणून ते वेळापत्रकाने बदलायचे असते, वास येईपर्यंत थांबायचे नसते. दाढी वाढलेली असेल तर मास्कची कड चेहऱ्याला चिकटत नाही. हातमोज्यांचेही तसेच. सुती आणि चामडी मोजे तेल शोषतात आणि दिवसभर कातडीला लावून ठेवतात; पातळ नायट्राइल बेन्झिनपुढे फार वेळ टिकत नाही. चिकटलेले तेल काढायला डिझेल किंवा थिनर वापरायची सवय सगळीकडे आहे. त्याने कातडीचे नैसर्गिक तेल निघून जाते आणि विषाला दार उघडते.

याहून साधी आणि याहून दुर्लक्षित वाट आहे हातावरून तोंडात जाणारी. चहाच्या सुट्टीत हेल्पर तळहातावर तंबाखू घेतो, चुना लावतो, अंगठ्याने मळतो, चिमूट ओठाखाली ठेवतो. याच अंगठ्याने त्याने दहा मिनिटांपूर्वी नमुना-नळीतली माती काढलेली असते. शिसे, आर्सेनिक, क्रोमियम यांच्या बाबतीत श्वासापेक्षा हीच वाट मोठी ठरू शकते आणि कितीही महागडा मास्क ती अडवत नाही. साबण, वाहते पाणी आणि खाण्यापिण्याची जागा बोअरपासून लांब, एवढ्यानेच बराच धोका कमी होतो. कपडे तिथेच बदलून तिथेच धुण्याची सोय हवी, नाहीतर ट्रॉम्बेच्या चीता कॅम्पमधल्या दहा बाय दहाच्या खोलीत ते बायकोच्या हाती जातात आणि पोरांच्या अंथरुणावर.

उपाययोजनेची गाडी अडते ती उकाड्यावर. अमेरिकेत धोकादायक कचऱ्यावरच्या कामासाठी संरक्षक पोशाखाचे अ ते ड असे चार स्तर आहेत आणि ही पद्धत पुरलेल्या रासायनिक कचऱ्याच्या १९७८ मधल्या लव्ह कॅनॉल प्रकरणानंतरच्या दशकात आकाराला आली. तिथला नियम ४० तासांचे प्रशिक्षण, त्यानंतर तीन दिवस देखरेखीखाली प्रत्यक्ष काम आणि नियमित वैद्यकीय तपासणी सक्तीची करतो. ब्रिटनमध्ये ड्रिलिंगवाल्यांच्याच संघटनेने जागांना हिरवा, पिवळा, लाल असे रंग दिले. रंगावरून पोशाख आणि पद्धत ठरते. नेदरलँड्सलाही १९८० मध्ये लेकरकेर्क या गावाची घरे रासायनिक पिंपांवर उभी असल्याचे कळले, तेव्हा जाग आली. हे सारे आपण घेऊ शकतो, पण मे महिन्यातल्या ट्रॉम्बेत पूर्ण बंद पोशाख चढवून आठ तास विंच ओढता येत नाही. तसा आग्रह धरला तर माणूस विषाने नाही, उष्माघाताने पडेल. मग तो झिप उघडतो, मास्क हनुवटीखाली घेतो आणि ‘यांना सवयच नाही’ असा शेरा मिळतो.

यावर तोड आहे आणि ती आपल्याच देशात काढून झाली आहे. भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या आवारातला ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ च्या सुरुवातीला पिथमपूरला हलवला, तेव्हा सुमारे शंभर माणसांनी तीस-तीस मिनिटांच्या पाळ्यांत तो भरला. प्रत्येक पाळीनंतर विश्रांती आणि आरोग्य तपासणी. संरक्षण असे वेळात मोजायचे असते: लहान पाळ्या, जास्त माणसे, सावली, पाणी, पहाटेचे काम. पण त्या कामावर न्यायालयाचे आणि जगाचे लक्ष होते. त्याच आवारात आणि भोवताली सुमारे ११ लाख टन दूषित माती असल्याचा अंदाज नागपूरच्या नीरी आणि हैदराबादच्या भूभौतिकी संस्थेने २०१० मध्ये दिला होता. एवढी माती तपासायला आणि उपसायला किती हात लागतील, आणि प्रत्येक वेळी कॅमेरे असतील का, हा खरा सवाल.

ट्रॉम्बेला मात्र उत्तरासाठी भोपाळला किंवा अमेरिकेला जायची गरज नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या भिंतीआड किरणोत्सारावर काम करणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर एक बिल्ला असतो. त्याला मिळालेली मात्रा त्यात साठते, ठरावीक काळाने वाचली जाते आणि राष्ट्रीय व्यावसायिक मात्रा नोंदवहीत त्याच्या नावावर चढते. पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर नाही, ही मर्यादा अणुऊर्जा नियामक मंडळाने घातलेली आहे. मंडळाचे कार्यालयही इथेच, अणुशक्तिनगरात. नोकरी बदलली, गाव बदलले तरी नोंद माणसामागे जाते. रुग्णालयातल्या क्ष-किरण तंत्रज्ञालाही हीच व्यवस्था लागू आहे. भिंतीच्या या बाजूला बोअर मारणाऱ्याच्या नावावर काय आहे? हजेरीपटावर किती दिवस आणि बिलावर किती मीटर.

रसायनांची मोजणी किरणोत्सारापेक्षा अवघड आहे हे मान्य. पदार्थ शेकडो, वाटा तीन, एकच बिल्ला सगळ्यांना पुरणार नाही. पण बेन्झिनसाठी कोळशाची चकती असलेले छोटे बिल्ले बाजारात आहेत. शर्टाच्या कॉलरला लावायचे आणि संध्याकाळी प्रयोगशाळेत द्यायचे. लघवीतल्या चयापचयजन्य पदार्थांवरून आदल्या पाळीतला संपर्क कळतो. रक्तातले शिसे मोजता येते. काम सुरू होण्यापूर्वीची रक्ततपासणी आणि संपल्यानंतरची, एवढी जोडी असली तरी पुढे तुलना करता येते. अमेरिकेत असे वैद्यकीय कागद नोकरी संपल्यावरही तीस वर्षे जपावे लागतात, कारण रक्ताचा कर्करोग संपर्कानंतर कित्येक वर्षांनी डोके वर काढतो.

आपले कायदे याबाबतीत मुके आहेत असे नाही. भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात ४-अ हे प्रकरण घातले गेले आणि धोकादायक प्रक्रियेतल्या कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ठेवण्याची, त्यांना धोका सांगण्याची जबाबदारी मालकावर आली. तात्काळ धोका दिसला तर तो लक्षात आणून देण्याचा हक्क कामगाराला मिळाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या स्थितीची संहिता लागू झाली आहे. पण या सगळ्याची रचना कारखाना किंवा ठरावीक संख्येची आस्थापना डोळ्यांपुढे ठेवून झाली आहे. बोअरवाल्यांची टोळी चार-पाच जणांची, एका साइटवर आठवडाभर, मग दुसऱ्या ठेकेदाराकडे. मूळ मालकाने सल्लागार कंपनीला काम दिलेले, तिने तपासणी संस्थेला, संस्थेने ड्रिलिंगवाल्याला आणि त्याने मुकादमाला. जबाबदारी प्रत्येक पायरीवर थोडी सांडते आणि खाली पोचते तेव्हा उरलेली नसते.

दूषित स्थळांच्या नव्या नियमांच्या व्याप्तीतही जागा सुटल्या आहेत. किरणोत्सारी कचरा, खाणकाम, समुद्रातले तेल आणि घनकचऱ्याचे डेपो यांतून होणारे दूषण मूलतः बाहेर ठेवले आहे, दुसऱ्या दूषकाची सरमिसळ मर्यादेबाहेर गेली तरच आत येते. ट्रॉम्बेच्या शेजारचे १९२७ पासूनचे देवनार घ्या. २०१६ च्या जानेवारीतल्या आगीचा धूर साऱ्या मुंबईने पाहिला. आता तिथला जुना कचरा उपसायचा आहे. तिथे बोअर मारणाऱ्याला मिथेन, हायड्रोजन सल्फाइड आणि ढिगातले काळे पाणी तिन्ही भेटतात, मग ते स्थळ कोणत्या नियमावलीत बसते याला त्याच्या फुप्फुसांच्या दृष्टीने काय अर्थ?

म्हणून मला सगळ्यात कळीचा कागद निविदेचा वाटतो. मातीच्या तपासणीचे पैसे मीटरवर मिळतात. जितके मीटर दिवसात, तितका फायदा. कार्ट्रिज बदलणे, नळी धुणे, वारा फिरला म्हणून तिपाई हलवणे, पाळी अर्ध्या तासाची करणे या प्रत्येक गोष्टीला मीटर कमी होतात. सुरक्षा ‘दरात समाविष्ट’ असे एका ओळीत लिहिले की जो ठेकेदार ती खरोखर देऊ पाहतो, तो महाग पडतो आणि काम हरतो. ही ओळ काढून त्या जागी स्वतंत्र बाबी टाकता येतात: पीआयडी आणि चार वायूंचे यंत्र दिवसाच्या भाड्याने, कार्ट्रिज नगावर, हात धुण्याची आणि कपडे बदलण्याची सोय एकरकमी, रक्त-लघवीची तपासणी माणशी, थांबलेल्या तासांचा दर वेगळा. बोअर मारण्याआधी जागेचा जुना वापर, नळवाहिन्यांचे नकाशे आणि भरावाची माहिती मालकाने द्यायची, ही अटही तिथेच. रिफायनऱ्या, मेट्रो, महापालिका, बंदर प्राधिकरण या सगळ्या सार्वजनिक संस्था आहेत. यासाठी संसदेची वाट पाहावी लागत नाही.

आणि नोंद. कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्यातल्या तिसऱ्या अनुसूचीत बेन्झिनमुळे होणारे आजार व्यावसायिक म्हणून दिलेले होते. भरपाईचा हक्क कागदावर आहे. तो मागायला पुरावा लागतो: कुठे, केव्हा, किती. असंघटित कामगारांना २०२१ पासून ई-श्रमचा बारा अंकी क्रमांक मिळतो आहे. त्या क्रमांकासमोर साइट, तारखा, सापडलेले पदार्थ, नाकाच्या उंचीवरचा सर्वोच्च आकडा, वापरलेले संरक्षण आणि रक्ततपासणीचा निकाल, एवढ्या सहा रकान्यांची नोंदवही महाराष्ट्राचे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय सुरू करू शकते. रकाने कसे भरायचे हे शिकवायला केंद्रीय श्रम संस्था सायनलाच आहे, आणि माणसामागे जाणारी नोंद कशी सांभाळायची हे ठाऊक असलेले लोक ट्रॉम्बेतच बसतात.